व्हीपी ९०५ : शेपटीवरचा क्रमांक आणि त्याखालचे विमान

८ ऑक्टोबर २०१८. गाझियाबादजवळच्या हिंडन तळावर हवाई दल दिनाचा सोहळा सुरू आहे. लढाऊ जेट विमाने येतात, कान बधिर करतात आणि मान वळेपर्यंत दिसेनाशी होतात. त्यांच्यातच दोन पंख्यांचे एक जुने विमान येते, घरघरत, संथपणे, कुठेही पोहोचण्याची घाई नसल्यासारखे. प्रेक्षकांना ते डोळे भरून पाहता येते. छायाचित्र काढायला अवधी मिळतो. शेपटीवरचा क्रमांकसुद्धा वाचता येतो : व्हीपी ९०५.

हे डकोटा. अमेरिकेच्या डग्लस कंपनीचे सी-४७. 'डकोटा' हे नाव ब्रिटिशांनी दिलेले. भारतीय हवाई दलाने आपली डकोटा विमाने १९८८ साली निवृत्त केली. त्यानंतर तीस वर्षांनी, २०१८ साली, एक उडते डकोटा पुन्हा दलात दाखल झाले आणि त्याला 'परशुराम' हे नाव मिळाले. हिंडन, बंगळुरूजवळच्या येलहंका येथील 'एरो इंडिया २०१९', दिल्लीतील प्रजासत्ताक दिनाची संचलने अशा ठिकाणी ते अधूनमधून दिसते. दिसले की त्याच्या छायाचित्राखाली एक ओळ हमखास येते : १९४७ साली पहिले भारतीय सैनिक श्रीनगरला नेणारे हेच ते विमान.

ती ओळ चुकीची आहे. इतिहासाची गोडी असणाऱ्यांनी या चुकीकडे किरकोळ म्हणून काणाडोळा करू नये, यासाठी हा धागा.

हवाई दलाच्या कथनानुसार २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा क्रमांक व्हीपी ९०५ होता. आज आकाशात दिसणाऱ्या विमानावर तोच क्रमांक रंगवलेला आहे. क्रमांक तोच, विमान दुसरे. लष्करी विमानाचा शेपटीवरचा क्रमांक हा ते वापरणाऱ्या दलाने दिलेला असतो. तो खोडता येतो, बदलता येतो, दुसऱ्यावर रंगवता येतो. कारखान्यातून बाहेर पडताना विमानाला मिळालेला निर्मिती क्रमांक मात्र रंगाच्या डब्याने बदलत नाही. 'परशुराम' हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेले विमान आहे. त्याचे स्वतःचे आयुष्य आहे, आणि त्या आयुष्यात १९४७ चे श्रीनगर नाही.

मग हे विमान आले कोठून? तत्कालीन खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते विकत घेऊन ब्रिटनमध्ये त्याची डागडुजी करवली आणि हवाई दलाला भेट दिले. त्यांचे वडील, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर, हे स्वतः डकोटाचे वैमानिक होते. २०११ च्या सुमारास भेटीचा प्रस्ताव प्रथम मांडला गेला तेव्हा तो स्वीकारला गेला नव्हता. पुढे गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्याला होकार मिळाला. एप्रिल २०१८ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीहून निघून, युरोप आणि पश्चिम आशियात टप्पे घेत, हे विमान जामनगरला उतरले. ४ मे २०१८ रोजी हिंडन येथे ते रीतसर दलात दाखल झाले. सत्तरी ओलांडलेल्या विमानाने स्वतःच्या पंखांवर इतके अंतर कापावे, ही गोष्ट एरवी स्वतंत्र कौतुकाची ठरली असती. पण श्रीनगरच्या कथेने ती झाकून टाकली. उसन्या क्रमांकाचा हा पहिला तोटा : समोरच्या विमानाचा खरा प्रवास कुणी विचारतच नाही.

आता त्या मूळ सकाळीकडे वळू. २२ ऑक्टोबर १९४७ रोजी टोळीवाल्यांनी मुझफ्फराबादच्या बाजूने काश्मीरमध्ये मुसंडी मारली. २६ ऑक्टोबरला महाराजा हरिसिंग यांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली. दुसऱ्या दिवशी पहाटे दिल्लीहून डकोटा विमाने निघाली. श्रीनगरची धावपट्टी कच्ची होती. रात्रीचे दिवे नाहीत, मार्गदर्शक यंत्रणा नाही, इंधनाचा साठा नाही. ती कोणाच्या ताब्यात आहे हेही निश्चित ठाऊक नव्हते. म्हणून पहिल्या शीख पलटणीचे कमांडर लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांना आदेश होता की, आधी वरून घिरट्या घालून पाहावे, आणि धावपट्टी शत्रूच्या हाती गेलेली दिसल्यास मागे फिरून जम्मूला उतरावे. ती शत्रूच्या हाती नव्हती. विमाने उतरली. राय आपल्या तुटपुंज्या तुकडीसह बारामुल्लाच्या दिशेने निघाले आणि त्याच लढाईत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. २७ ऑक्टोबर हा दिवस भूदलात आजही पायदळ दिन म्हणून पाळला जातो.

पहिले विमान उतरले एवढ्याने श्रीनगर वाचले नाही. पहिले उतरले, मग दुसरे, मग तिसरे. माणसे उतरवून, जखमींना घेऊन परत, पुन्हा दिल्ली, पुन्हा श्रीनगर. पुढच्या तीन आठवड्यांत सातशेच्या आसपास फेऱ्या झाल्या. त्यांत हवाई दलाची विमाने होती, तशीच सरकारने तातडीने हाताशी घेतलेली खासगी कंपन्यांची डकोटाही होती. मालवाहू विमानाचा पराक्रम हा असा असतो. तो एका झेपेत मावत नाही, फेऱ्या मोजत बसावे लागते, आणि म्हणूनच तो सांगायला अवघड. लढाऊ वैमानिकाने पाडलेल्या विमानांची संख्या लक्षात राहते. डकोटाने वाहिलेल्या पिठाच्या पोत्यांची संख्या कोण लक्षात ठेवतो?

आठवण ठेवायला सोपे व्हावे म्हणून लोकस्मृती मग एकच विमान निवडते, एकच वैमानिक निवडते. पहिले डकोटा ओडिशाचे बिजू पटनायक यांनी चालवले, ही कथा अशीच पसरलेली आहे. पटनायक हे धाडसी वैमानिक होते, यात संशय नाही. जुलै १९४७ मध्ये डच वेढ्यातून इंडोनेशियाचे नेते सुतान शाहरीर यांना त्यांनी विमानाने बाहेर काढले होते. परंतु श्रीनगरच्या पहिल्या उड्डाणाबाबत हवाई दलाच्या इतिहासलेखनात नाव येते ते १२ व्या स्क्वाड्रनचे विंग कमांडर के. एल. भाटिया यांचे. प्रसिद्ध नाव कथेत शिरले की कमी प्रसिद्ध नाव हलकेच बाहेर ढकलले जाते. पटनायकांच्या कीर्तीला या एका उड्डाणाची गरज नव्हती. भाटियांच्या आठवणीला होती.

आणखी एक उदाहरण, थोडे मजेशीर. २०१८ साली 'परशुराम' भारतात आले तेव्हा अनेक बातम्यांत एक वाक्य फिरत होते की, डकोटा विमाने १९३० साली तत्कालीन रॉयल इंडियन एअर फोर्सच्या १२ व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली. या मालिकेतील पहिल्या डीसी-३ विमानाने आकाश पाहिले १७ डिसेंबर १९३५ रोजी. भारतीय हवाई दलाची स्थापना झाली ८ ऑक्टोबर १९३२ रोजी. म्हणजे जे विमान जन्मले नव्हते, ते अस्तित्वातच नसलेल्या दलात दाखल झाले! एका साध्या पडताळणीने कोसळणारे हे वाक्य एका वृत्तातून दुसऱ्यात जात राहिले. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण सोहळ्याच्या दिवशी तारखा तपासण्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो.

डकोटाची खरी कर्तबगारी या सोप्या कथांच्या बाहेर आहे. पूंछचे उदाहरण घ्यावे. १९४७ च्या हिवाळ्यात पूंछ शहर वेढले गेले. आत ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांची शिबंदी आणि हजारो निर्वासित. रस्ते तुटलेले. डोंगरांच्या कोंदणात हाताने तयार केलेल्या छोट्या धावपट्टीवर एअर कमोडोर मेहर सिंग यांनी स्वतः पहिले डकोटा उतरवले. पुढे याच विमानांनी २५ पौंडी तोफा आत नेल्या, धान्य आणि दारूगोळा नेला, आणि परतताना निर्वासितांना बाहेर काढले. नोव्हेंबर १९४८ मध्ये जमिनीवरून वेढा फुटेपर्यंत पूंछ तगून राहिले ते मुख्यतः या फेऱ्यांवर. याच युद्धात डकोटाच्या मागच्या दारातून हाताने बाँब ढकलून त्याच्याकडून बाँबफेकी विमानाचेही काम करून घेतले गेले. विमानाच्या रचनाकारांनी हे मनात आणले असण्याचा संभव नाही.

आणि लेह. २४ मे १९४८ रोजी मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन लेहला डकोटा उतरवले. सिंधूकाठची ती धावपट्टी लडाखी अभियंते सोनम नोर्बू यांनी स्थानिक माणसांच्या श्रमातून तयार केली होती. उंची सुमारे साडेअकरा हजार फूट. वाटेवर त्याहून कितीतरी उंच पर्वतरांगा. डकोटाला दाबनियंत्रित कक्ष नाही. विमान जितके वर जाईल तितकी आतल्या माणसाची हवा विरळ होत जाते. विरळ हवेत इंजिनाची ताकदही घटते, पंखांना आधार कमी मिळतो, उतरताना वेग जास्त ठेवावा लागतो आणि धावपट्टी मात्र तेवढीच राहते. त्या मार्गाचे भरवशाचे हवाई नकाशे नव्हते. असे उड्डाण एकदा करणे हे धाडस. त्यानंतर त्याच वाटेने रोज पुरवठा नेणे, हे ज्यांनी केले त्यांची नावे सांगणारा फलक कोणत्याही एअर शोमध्ये नसतो.

हे विमान एवढे कामाचे का ठरले, याचे उत्तर त्याच्या साधेपणात आहे. बाराशे अश्वशक्तीची दोन इंजिने, सुमारे एकोणतीस मीटर पंखविस्तार, पूर्ण साहित्यानिशी अठ्ठावीस सैनिक किंवा पावणेतीन टनांच्या आसपास माल. गवताळ माळावर उतरते, कच्च्या पट्टीवरून उडते, आणि मागच्या बाजूच्या रुंद दारातून जीपही चढवता येते. लष्करासाठी अशी दहा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. युरोपातील दोस्त सैन्याचे सरसेनापती आयझेनहॉवर यांनी युद्ध जिंकून देणाऱ्या साधनांत या विमानाचा समावेश केला, तो बुलडोझर, जीप आणि अडीच टनी ट्रक यांच्या रांगेत. यांतले एकही साधन मुळात शत्रूला मारण्यासाठी बनलेले नाही, ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

मराठी वाचकाला या विमानाशी जोडणारा आणखी एक दिवस आहे : ११ डिसेंबर १९७१. बांगलादेशातील टांगाईलजवळ सुमारे पन्नास वाहतूक विमानांतून दुसऱ्या पॅरा पलटणीचे छत्रीधारी उतरले. त्या ताफ्यात एएन-१२, पॅकेट आणि कॅरिबू यांच्याबरोबर डकोटाही मोठ्या संख्येने होती. ही पलटण पूर्वाश्रमीची तिसरी मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीतून पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेलेली. लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली तिने लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घेतला आणि उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवली. दुसऱ्या दिवशी जमिनीवरून लढत येऊन तिला मिळाली ती पहिली मराठा लाइट इन्फंट्री, अर्थात 'जंगी पलटण'. आकाशातून आलेले आणि चिखल तुडवत आलेले, दोघेही एकाच घराण्याचे. महाराष्ट्रात १९७१ च्या आठवणी निघतात त्यात हा पूल क्वचितच असतो.

येथवरच्या हकिकतीवरून प्रश्न उभा राहतो : मग नव्या विमानावर व्हीपी ९०५ लिहिणे हीच चूक मानायची का? तसे नाही. ऐतिहासिक विमाने उडवणाऱ्या जगात हा रिवाज रूढ आहे. ब्रिटनच्या 'बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट'कडील डकोटाचा खरा क्रमांक झेडए ९४७. त्याला वेळोवेळी वेगवेगळ्या युद्धकालीन विमानांची रंगसंगती दिली जाते; अलीकडे ते एफझेड ६९२ या नॉर्मंडीच्या मोहिमेतील विमानाच्या वेषात दिसते. तिथे खरा क्रमांक आणि घेतलेला वेष, दोन्हीही सांगितले जातात. त्यामुळे कुणाची फसगत होत नाही आणि त्या विमानाची किंमतही कमी होत नाही. एखाद्या नटाने शिवाजी महाराजांची भूमिका केली म्हणून प्रेक्षक त्याला महाराज समजत नाहीत, तरी टाळ्या मनापासून पडतातच.

याउलट मूळ विमान खरोखर हाती लागणे म्हणजे काय, हे अमेरिकेतील 'दॅट्स ऑल, ब्रदर' या सी-४७ ने दाखवून दिले. ६ जून १९४४ च्या मध्यरात्री नॉर्मंडीवर छत्रीधारी सोडणाऱ्या मुख्य ताफ्याचे हे अग्रणी विमान. युद्धानंतर ते विकले गेले, हातोहात फिरले आणि त्याची ओळख पुसली गेली. अमेरिकी हवाई दलाच्या इतिहासकारांनी जुनी कागदपत्रे तपासली, विमानाच्या क्रमांकाचा माग काढला आणि ते विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे एका कारखान्याच्या आवारात सापडले. नवी इंजिने बसवून त्याचे रूपच पालटले जाण्याच्या बेतात होते. २०१५ साली 'कमेमोरेटिव्ह एअर फोर्स' या संस्थेने ते वाचवले. २०१८ साली ते पुन्हा उडाले आणि २०१९ च्या जूनमध्ये, पंचाहत्तराव्या स्मृतिदिनाला, पुन्हा नॉर्मंडीच्या आकाशात गेले. हे शक्य झाले कारण कोणीतरी क्रमांकाला गंभीरपणे घेतले. 'कुठलेही सी-४७ चालेल, नाव तेच लिहू' असे म्हणून ते थांबले असते तर ते विमान आज ओळखण्यापलीकडे गेले असते.

भारतातही श्रीनगरला गेलेल्या, पूंछला उतरलेल्या, टांगाईलवर उडालेल्या प्रत्येक डकोटाला आपला क्रमांक होता. 'हेच ते विमान' असे एकदा ठरले की बाकीच्यांचा शोध घेण्याचे कारणच उरत नाही. चुकीच्या ओळीचे खरे नुकसान हे आहे.

एक आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. इतकी जुनी, दुर्मीळ विमाने उडवावीतच का? संग्रहालयात सुरक्षित का ठेवू नयेत? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. 'परशुराम' दलात दाखल झाल्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑगस्ट २०१८ रोजी, स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये १९३९ साली बांधलेले युंकर्स-५२ कोसळले आणि आतील वीसही जण मृत्युमुखी पडले. तेही मूळचे लष्करी वाहतूक विमान, स्विस हवाई दलाचे, पुढे हौशी प्रवाशांना सैर घडवणारे. चौकशीत वैमानिकांच्या जोखमीच्या उड्डाणपद्धतीवर बोट ठेवले गेले, आणि विमानाच्या देखभालीतील उणिवाही उघड झाल्या. ज्या कंपनीचे नाव एका पिढीला विश्वासाचे वाटत होते तिची प्रवासी उड्डाणे थांबली.

तरीही 'परशुराम' उडत राहावे, असे म्हणायला आधार आहे. ते तिकीट विकून प्रवासी नेत नाही. ते हवाई दलाच्या शिस्तीत आहे आणि वर्षातून मोजक्या वेळा आकाशात जाते. शिवाय संग्रहालयात उभे डकोटा पाहणाऱ्याला त्याचा संथपणा कळत नाही. ज्या वेगाने ते डोक्यावरून जाते, त्याच वेगाने ते १९४७ मध्ये पीरपंजाल ओलांडत होते, आणि खाली बंदूक घेऊन बसलेल्याला नेम धरायला तेवढाच वेळ मिळत होता. ही जाणीव काचेच्या कपाटातून होत नाही. मात्र त्यासाठी देखभालीत काटकसर होता कामा नये, आणि ज्या दिवशी अभियंते 'पुरे' म्हणतील त्या दिवशी सोहळ्याचे वेळापत्रक आडवे येता कामा नये.

राहिला प्रश्न फलकाचा. हे विमान जिथे जमिनीवर उभे केले जाते तिथे एक साधा फलक पुरे : खरा निर्मिती क्रमांक, बांधणीचे वर्ष, भारतात येण्यापूर्वीचा प्रवास, आणि त्याखाली, 'या विमानावरील व्हीपी ९०५ हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला उतरलेल्या डकोटाच्या स्मरणार्थ आहे.' निवेदकाला हे सांगायला अर्धे मिनिट लागेल, आणि डकोटा डोक्यावरून जायला साधारण तेवढा वेळ घेतेच.

२६ जानेवारी २०२२ रोजी राजपथावरून एक रचना गेली. मध्ये पुढे हे डकोटा, दोन बाजूंना दोन डॉर्नियर. रचनेचे नाव होते 'टांगाईल'. त्या दिवशी कुणी 'हेच ते टांगाईलचे विमान' म्हणण्याची गरज नव्हती. नावातच स्मरण होते. खाली संचलन पाहणाऱ्यांपैकी किती जणांनी पुंगली पूल नकाशावर शोधला, एवढेच विचारायचे राहते.